बोअरमधलं पाणी हललं तेव्हा

कॅमेरा पाण्याच्या जरा वर थांबवला, चष्मा पुसला आणि मी माझं नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. "खाली सगळं शांत..." पुढचा शब्द तोंडातच राहिला. स्क्रीनवर पाणी वर येत होतं.

आधी माझं काम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई भोकात डोकावून काय करते. बोअरमध्ये पंप अडकला किंवा पाणी आटलं की लोक मला बोलावतात. टॉर्चएवढा कॅमेरा, त्याला दिवे, मागे लांबलचक केबल आणि वर स्क्रीन. आमच्या ह्यांचं खडकीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. ते वारल्यावर हे काम मी चुका करत करतच शिकले. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. आणि काम संपलं की गिऱ्हाइकाला ते एक वाक्य सांगायची सवय लागली होती. लोकांना बरं वाटायचं.

लोणी काळभोरच्या भारतनं फोनवर नेमकं तेच मागितलं. "काकू, बोअर नवीन आहे, पाणी बक्कळ आहे. तुम्ही फक्त कॅमेरा सोडा आणि आबांसमोर सांगा, खाली ओके आहे."

"एवढ्यासाठी मी खडकीहून येऊ?"

"या हो. आबा नव्या घराच्या फुटिंगच्या खड्ड्यात उतरून बसतात. काँक्रीट ओतू देत नाहीत."

फुटिंग म्हणजे खांबाचा पाया. गेले तर खरोखरच आबा पायाच्या खड्ड्यात मांडी घालून बसले होते आणि काठावर गवंडी तंबाखू मळत उभे.

आबा म्हणजे भारतचे वडील, मूळचे किल्लारीकडचे. तिथल्या भूकंपात त्यांची बायको आणि थोरली मुलगी दगडमातीच्या भिंतीखाली गेल्या. भारत तेव्हा झोळीतला, त्याला काही आठवत नाही. आबा त्याला घेऊन इकडे आले आणि तेव्हापासून पत्र्याखालीच झोपतात. आता त्यांचं एकच म्हणणं होतं: खालचा दगड फाटलेला नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय नात स्लॅबखाली झोपणार नाही. आणि सुनेचं म्हणणं, यंदाचा पावसाळाही पत्र्यातच काढायचा असेल तर मी पोरीला घेऊन माहेरी जाते. मधे भारत.

कॅमेरा सोडला. आबा खड्ड्यातून उठून माझ्या खांद्याशी येऊन बसले. आधी केसिंग, म्हणजे वरची माती ढासळू नये म्हणून घातलेला पाइप. मग खडक. ओला, काळा, घासल्यासारखा. बराच वेळ नुसता काळा. मग एक तिरकी भेग आली. दिवा तिच्यावर पडला तरी आतला अंधार काही हलेना.

"थांब बाई," आबा म्हणाले. "हीच ती."

भारतनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मी म्हटलं, "आबा, अशी भेग प्रत्येक बोअरला असते. नसती तर पाणी आलं असतं कुठून?" हे खरंच होतं. मग कॅमेरा पाण्यापर्यंत नेला, वाक्य सुरू केलं, आणि पाणी वर आलं.

सावकाश वर आलं, थांबलं, सावकाश खाली गेलं. पुन्हा वर. झोपलेल्या माणसाची छाती हलते ना, तसं.

"शेजारचा पंप असेल," भारत म्हणाला.

"बंद करून ये," मी म्हटलं.

तो गेला, बंद करून आला. पाणी तसंच. या बोअरला पंप तर अजून बसवलेलाच नव्हता. माझा चहा स्टुलावर होता, त्याच्यावरची साय जागची हलली नव्हती. आबांनी जमिनीवर तळहात टेकला.

"वर काईच कळंना," ते हळूच म्हणाले. "खाली श्वास घेतंय."

इतक्या वर्षांत मी बोअरमध्ये साप बघितले, चपला बघितल्या, एकदा तर कुणाची तरी बादली. पण असं नाही. भारत पुटपुटला, "काकू, म्हणा ना ते." मला म्हणवेना. हळूहळू हलणं कमी झालं आणि पाणी काचेसारखं थांबलं. ते थांबणं मला हलण्यापेक्षा वाईट वाटलं.

सदाशिव पेठेत आमचे एक भूगर्भवाले सर आहेत, अडलं की त्यांना विचारते. फोन लावला, स्पीकरवर.

"सर, बोअर श्वास घेतंय."

"आपण जेवलात का?"

"व्हिडिओ पाठवलाय. बघा आधी."

थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. टोमणा नव्हता. "अहो, बातम्या लावा. समुद्रापलीकडे मोठा भूकंप झालाय. त्याच्या लाटा अख्ख्या पृथ्वीवरून जातात. इतक्या संथ की माणसाला कळत नाहीत, पण खोल बोअरचं पाणी कधीकधी त्यांच्याबरोबर हलतं. तुमच्या लोणीत काही झालेलं नाही."

"आणि ती भेग? फॉल्ट आहे का?"

"नुसती भेग म्हणजे फॉल्ट नव्हे. दोन्ही बाजूंचा खडक एकमेकाला घासून सरकलेला असेल तर फॉल्ट, आणि अजूनही सरकू शकत असेल तर तो जिवंत. आपल्याकडे वर लाव्हाचे जाड थर आहेत, खालचं झाकलेलं. किल्लारीलाही वरून कुणाला कळलं नव्हतं. तुमचा कॅमेरा तिथवर जायचा नाही."

"मग घराखाली काय आहे?"

"माहीत नाही. कोयनेचे धक्के पुण्याला बसतात, तेवढं माहीत आहे. बाकी माहीत नाही असं धरूनच घर बांधायचं. खांब आणि बीम नीट बांधलेले, भिंतींना सगळीकडून काँक्रीटचे पट्टे. जमीन हलली तरी घर एकत्र हललं पाहिजे."

भारतनं कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, झालं, आता आबा कायमचे खड्ड्यात.

आबा मात्र उठले. "हा माणूस माहीत न्हाई म्हंतो," ते म्हणाले. "आमी गावात समदे म्हनायचो, खाली शांत हाय. हेच्यावर इस्वास ठेवतो मी. भारत, ते पट्टे घाल. तार मी बघनार."

त्यांनी बघितली. गवंडी रडकुंडीला आले म्हणे, सळयांच्या तारेची एकेक गाठ सोडून पुन्हा बांधायला लावली. सून माहेरी गेली नाही. घर झालं, नात आत झोपते, आबाही झोपतात, फक्त दाराजवळ.

मी ते वाक्य सोडलं. आता कॅमेरा वर घेते आणि म्हणते, "मी बघत होते तेवढा वेळ काही हललं नाही." गिऱ्हाइकांना पूर्वीइतकं बरं वाटत नाही. इलाज नाही.