चार धुण्यांचा अहवाल

आमच्या कारखान्यात पॅलेडियम या महागड्या धातूचा उत्प्रेरक बनतो. औषध कंपन्या तो घेतात. दिसायला नुसती ओली काळी भुकटी. धातू आम्लात विरघळवायचा, कोळशाच्या बारीक पुडीवर बसवायचा, विरघळलेल्याचा परत धातू व्हावा म्हणून फॉर्मलिन घालायचं आणि मग पाण्यानं धूत राहायचं. निथळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि ते पांढुरकं झालं, म्हणजे क्षार उरलेत, की परत धुवायचं. एका बॅचला अकरा धुणी लागत. हा आकडा माझा आहे. तीन महिने मी तो रोज लिहून ठेवत होतो.

धुण्याच्या कामावर चार कंत्राटी माणसं होती. त्यातला एक मंद्रूप गावचा, माझ्याच वयाचा. फॉर्मलिनच्या वाफेनं त्याचे डोळे कायम लाल आणि पाणावलेले. डबा खाताना तो मला म्हणायचा, "सायेब, तुमी केमिस्ट हाय की. कायतरी करा. घरची म्हनती, रडत जाताय, रडत येताय, कारखाना हाय का सासर?"

मी ते मनावर घेतलं. फॉर्मलिनऐवजी सोडियम फॉर्मेट वापरून सात वेळा प्रयोग केला. वाफ नाही, डोळ्यांना त्रास नाही, आणि माल पहिल्यासारखाच उतरला.

पाण्याचा उपाय मात्र घरात सापडला. शुक्रवार पेठेत आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. बायको कपडे तीन पाण्यांतून काढते आणि तिसरं पाणी झाकून ठेवते. पुढच्या धुण्याला तेच पहिलं. एकदा मी ते मोरीत ओतलं.

"शेवटचं पाणी कुठं घाण असतंय? एवढं शिकून काय उपयोग?" ती म्हणाली.

हेच मी कारखान्यात केलं. एका बॅचची शेवटची सात पाणी टाकीत धरली आणि पुढच्या बॅचच्या पहिल्या सात धुण्यांना वापरली. ताजं पाणी उरलेल्या चार धुण्यांनाच लागलं. सांडपाणी घटलं, त्याबरोबर वाहून जाणारा धातूही वाचला.

मग मी अहवाल लिहिला. अर्धवट लिहिणं मला जमत नाही. 'बदलाचे कारण' या रकान्यात मी मंद्रूपच्या माणसाची डोळ्यांची तक्रार त्याच्या टोकन नंबरासकट नोंदवली. शेवटी एक रकाना मी स्वतः आखला, कुणी विचारलेलं नसताना: 'लागणारी माणसे'. सांडपाण्याची पिंपं हलवण्याचं काम कमी झालं होतं. मी लिहिलं, चारऐवजी दोन.

मॅनेजरनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. महिनाअखेरीला दोन माणसं कमी झाली. पहिलं नाव मंद्रूपच्या माणसाचं. मी विचारायला गेलो, तर मॅनेजर म्हणाले, "डोळ्यांची तक्रार लेखी आहे ना त्याची. उद्या काही झालं तर आपल्यावर यायचं. तुम्हीच तर लिहिलंय." अहवाल त्यांच्या टेबलावरच होता. मी त्यांना म्हटलं, ती नोंद खोडा. ते हसले.

पुढं एकदा मी मंद्रूपच्या बाजारात गेलो. तो टेम्पोतून कांद्याची पोती उतरवत होता. डोळे स्वच्छ, पांढरे.

"या सायेब! तुमच्या त्या बिनवाफेच्या औषधानं डोळं लई झ्याक झालं बगा. लांबनंच वळखलं तुमाला."

मी म्हणालो, "बरं झालं."

"व्हय की. आता रडाय कारखान्यात जावं लागत न्हाय." त्यानं पोतं खाली टेकवलं आणि मग आवाज उतरवून विचारलं, "पर एक सांगा. चौघं हुतो आमी. सगळ्यात जुना मी. पयलं माजंच नाव कसं निगालं वो?"

मी म्हणालो, "मला नाही माहीत."

त्यानं मान डोलवली आणि माझ्या पिशवीत पोत्यातले दोन कांदे टाकले.

कारखान्यात अजूनही ताजं पाणी चारच धुण्यांना लागतं. मी मधूनमधून तपासतो. आकडा बरोबर आहे.