शिवमूर्तीचा राउटर

राजशेखर बिरादार उदगीरचा. घरचं किराण्याचं दुकान चांगलं चालतं, पण याचं बूड त्या गादीवर कधी टेकलंच नाही. लातुरात आयटीआय केली आणि मोठ्या इमारतींचे एसी, पंखे, पंप संगणकावरून चालवायच्या धंद्यात पडला. वडील वीरण्णा गिऱ्हाइकांना सांगतात, "पोरगा दवाखान्यांना वारा घालून राहिला." राजशेखरला याची चीड येते, पण खरं सांगायचं तर याहून नेमकं त्यालाही सांगता आलेलं नाही.

या धंद्यात त्याला ओढलं शिवमूर्ती स्वामीनं. दोघं आयटीआयच्या एकाच बाकावरचे. शिवमूर्ती हाताचा साफ, तोंडाचा फटकळ, आणि बसवलेल्या यंत्राला स्वतःचं नाव द्यायची त्याला भारी हौस. गेल्या वर्षी चाकूरजवळ ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. लिंगायत रिवाजानं त्याला समाधीत बसवलं तेव्हा राजशेखरनं बेल वाहिला आणि स्वतःच्या हातानं माती लोटली. आता लातुराहून नांदेडला जाताना चाकूर आलं की तो बसमध्ये डोळे मिटून घेतो.

शिवमूर्तीची राहिलेली कामं त्याच्याच गळ्यात पडली. त्यात नांदेडचा एक दवाखाना होता. तिथल्या लहान बाळांच्या वॉर्डाचा राउटर बदलायचा होता. राउटर म्हणजे निरोप्या. वॉर्डात वारा सोडणारा ब्लोअर एका भाषेत बोलतो, खालच्या मजल्यावरचा संगणक दुसऱ्या. हा मध्ये बसून इकडचं तिकडं पोचवतो. राजशेखरनं नवा राउटर बसवला, संगणक ज्या नंबरावर निरोप धाडतो तो शिवमूर्तीनं ठरवलेला नंबरच त्याला दिला, आणि जुना काढून दवाखान्याचा वायरमन दयानंद याच्या हाती ठेवला.

थोड्याच दिवसांत बोलावणं आलं. संगणकावरून वॉर्डाचं तापमान मध्येच गायब होई, ब्लोअर मनाला येईल तेव्हा थांबे. डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या, "आज नीट झालं नाही तर बाळं दुसरीकडे हलवावी लागतील. त्यातलं एक इतकं नाजूक आहे की त्याला ते सोसणार नाही."

राजशेखर भिडला. वायरी तपासल्या, स्क्रू आवळले, सगळं जागच्या जागी. मग संगणकाच्या पडद्यावर जोडलेल्या यंत्रांची नावं काढली आणि त्याचा हात माउसवर तसाच राहिला. नावांमध्ये एक नाव होतं, शिवमूर्ती.

त्यानं आपला नवा राउटर बंद केला, वायर उपटली. पुन्हा नावं काढली. त्याचा राउटर गेला होता. शिवमूर्ती जागा होता. संगणक त्याला वॉर्डाचं तापमान विचारत होता, उत्तर येत नव्हतं, तरी पुन्हा विचारत होता. भर दुपारी राजशेखरच्या अंगावर काटा आला. "बोल की रे," तो पुटपुटला. भीती तर वाटलीच. पण खोटं कशाला बोला, त्याला आनंदही झाला.

भानावर यायला त्याला जरा वेळ लागला. जुना राउटर कुठंतरी चालू होता. दोघांचा नंबर एकच, म्हणून संगणकाचे निरोप कधी नव्याकडे जात, कधी जुन्याकडे. जुन्याच्या पाठीमागं आता काहीच जोडलेलं नव्हतं. तिकडे गेलेला निरोप गेला तो गेलाच. राजशेखर एकेक वायर काढून पाहू लागला. जी काढल्यावर नाव पुसलं गेलं ती परत लावली आणि तिच्या मागानं चादरींच्या खोलीत पोचला.

फळीवर, घडी घातलेल्या चादरींच्या मध्ये, राउटर ठेवला होता. त्यावर भस्माची तीन बोटं ओढलेली, पुढं झेंडूचं फूल. हिरवा दिवा लुकलुकत होता. खाली शिवमूर्तीची आई मल्लम्मा बसली होती. पोराच्या ओळखीनं ती या दवाखान्यात आया म्हणून लागली होती.

दयानंद मागोमाग आला. "मीच लावून दिला, भाऊ. मावशी म्हणली, लेकाच्या हातचा दिवा हाय, इझू देऊ नको. नुसती लाईट दिली तर दिवा गपगार. नेटची वायर लावली तवा लुकलुकला. लई खूश झाली वो ती."

राजशेखरनं त्याला तोंडाला येईल ते सुनावलं. मल्लम्माला काय सुनावणार? शिवमूर्ती तिला अव्वा म्हणे, म्हणून हाही म्हणे. तो तिच्याजवळ खाली बसला.

"अव्वा, हे काढावं लागतंय. याच्यापायी बाळांचा वारा बंद पडून राहिला."

"माझ्या लेकानं कुणाचं वाईट केलं न्हाई."

"न्हाई केलं. पण तो संगणक त्याला हाका मारून राहिला. त्याला वाटतंय, शिवमूर्ती अजून कामावर हाय."

मल्लम्मा दिव्याकडे बघत राहिली. "हे लुकलुकतंय ते हाक ऐकून?"

"हाव."

"अन ह्याला जबाब देता येईना?"

"न्हाई, अव्वा."

"मला वाटलं, सुखात हाय." ती उठली. दयानंद पुढं झाला, त्याला तिनं हातानं मागं सारलं. "किती दिस हाका ऐकत ठेवलं मी लेकराला," ती म्हणाली आणि वायर तिनं स्वतःच ओढली.

राजशेखरनं नवा राउटर पुन्हा जोडला. ब्लोअर लागला, वॉर्डाचं तापमान पडद्यावर आलं, ते पुन्हा गायब झालं नाही. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, जाताना त्याच्या खांद्यावर थाप मारून गेल्या. काम झालं होतं. परतीची बस उभी असेल, असं दयानंद दोनदा सांगून गेला. तरी राजशेखर संगणकापुढं बसून पुन्हा पुन्हा नावं काढून बघत होता.