ग्रेडरच्या घरातलं पपनस

शुभदाबाईंचं लग्न झालं तेव्हा नंदकिशोर सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहायचा, ओल किती, कचरा किती हे बोटांनीच ओळखायचं आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. ते सांगतील त्या प्रतीवर भाव ठरायचा. त्यामुळे दिवाळीपासून होळीपर्यंत अख्ख्या दिग्रस गावाची नजर त्यांच्या घरावर असायची.

पहिल्याच हंगामात एक शेतकरी टोपलीभर संत्री दारात ठेवून गेला. वीस वर्षांच्या शुभदाबाईंनी हौसेने चार सोलून ताटलीत मांडली. नंदकिशोर आले, त्यांनी ताटलीकडे पाहिलं, बाजारातून चार संत्री आणून टोपली होती तशी भरली आणि सायकलला बांधून आठ किलोमीटरवरच्या गावी परत देऊन आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपल्या घरात कोणाचं काही येणार नाही. चहासुद्धा कुठे घ्यायचा नाही."

शुभदाबाईंनी मान डोलावली. त्या एका डोलावण्यावर पुढची तीस वर्षं गेली.

संक्रांत नेमकी हंगामात यायची. हळदीकुंकवाला गेलं तर वाण घ्यावं लागणार, आणि वाण देणारीचा नवरा नाहीतर दीर कापूस घेऊन केंद्रावर उभा असणार. पहिली दोन-तीन वर्षं त्या जाऊन कुंकू तेवढं लावून परत आल्या. वाण न घेता उठणारी बाई कोणाला आवडणार? मग बोलावणी थांबली. बाया वाईट बोलत नसत. रस्त्यात भेटल्या की "बरं आहे ना, बाई?" म्हणत आणि पुढे जात. मुलगा सलील शिकायला पुण्याला गेला, तिथेच नोकरीला लागला. घरात दोघं उरली, आणि नंदकिशोर मुळातच कमी बोलणारे.

पुढे कापसाचे वाईट दिवस आले. भाव पडला, केंद्रावर गाड्यांची रांग जिनिंग कारखान्याच्या भिंतीपासून पुसद रोडपर्यंत जाऊ लागली. नंदकिशोर पूर्वीसारखेच धागा ओढून पाहत आणि जे दिसेल तेच सांगत. पण आता त्यांचा एक शब्द माणसाला फार महाग पडायचा. लोक त्यांच्याकडे पाहीनासे झाले.

त्याच काळात एका दुपारी दार वाजलं. पन्नाशीची एक बाई उभी होती. नाव कौसल्या, घाटंजीकडची, हे तिनेच सांगितलं. शुभदाबाई दार अर्धंच उघडून म्हणाल्या, "साहेब घरी नाहीत. आम्ही काही घेत नाही."

"द्याले काही आणलंच नाही, बाई," कौसल्या म्हणाली. "पाणी पाह्यजे व्हतं. तीन दिवस झाले, गाडी लायनीत हाय."

शुभदाबाईंनी तांब्या आणून दिला. ती गटागटा प्यायली आणि ओट्यावरच्या सावलीकडे पाहून म्हणाली, "घडीभर टेकू का इथं?"

समोरच्या दुकानात दोघं-तिघं बसले होते. ते इकडेच पाहत होते. शुभदाबाई म्हणाल्या, "इथे नका बसू."

कौसल्या तांब्या खाली ठेवून उन्हात निघून गेली. शुभदाबाईंनी हे नंदकिशोरांना सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

दोन हजार सहा साली नंदकिशोर निवृत्त झाले. आता तरी कोणी येईल, असं शुभदाबाईंना वाटलं होतं. पण लोकांना न येण्याची सवय झाली होती. दीड वर्षाने सलीलने थायलंडच्या सहलीची तिकिटं काढली. तो, त्याची बायको अनघा, त्यांची सहा वर्षांची मुलगी भैरवी आणि हे दोघं. बँकॉकला एक दिवस आणि मग समुद्राकाठच्या हुआ हिन नावाच्या गावात चार. नंदकिशोर नको म्हणत होते. शुभदाबाईंनी विचारलं, "काहून नको? इथे कोण वाट पाहून राह्यलं आपली?" त्यांनी माळ्यावरची बॅग उतरवली.

हुआ हिनचं गेस्ट हाऊस लाकडी, दुमजली होतं. मागच्या बाजूला स्वयंपाकघर, तिथे शुभदाबाईंच्याच वयाची एक बाई काम करायची. सगळे तिला 'पा' म्हणत. म्हणजे मावशी, असं अनघाने सांगितलं.

परदेशात आल्यावर मोकळं वाटेल असं शुभदाबाईंना वाटलं होतं. तसं झालं नाही. सलील आणि अनघा चांगली होती, पण त्यांचं आपसात हसणं-बोलणं वेगाचं होतं, अर्धं इंग्रजीत. भैरवी आजीचा हात धरून वाळूत चालायची, मग एखादं पोहणारं मूल दिसलं की हात सोडून पळायची. समुद्राकडे तोंड करून पाच खुर्च्या मांडलेल्या असत. त्यातल्या दोन खुर्च्यांवर शुभदाबाई आणि नंदकिशोर तास-तास न बोलता बसत. दिग्रसला निदान कामं असायची. इथे रिकामपणात ते न बोलणं स्पष्ट ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी नंदकिशोरांचं पोट बिघडलं. मुलं धबधबा पाहायला निघाली होती. अनघा म्हणाली, "आई, तुम्ही तरी चला. बाबा झोपतीलच." पण शुभदाबाई थांबल्या. नंदकिशोरांना मीठ-साखरेचं पाणी दिलं, त्यांचा डोळा लागला, तशा त्या जिना उतरून मागच्या अंगणात गेल्या.

पा पायरीवर बसून चवळीच्या लांब शेंगा मोडत होती. शुभदाबाई जरा वेळ उभ्या राहिल्या. मग शेजारी बसल्या आणि त्यांनीही मूठभर शेंगा ओढून घेतल्या. तिने एकदा पाहिलं, टोपली दोघींच्या मध्ये सरकवली. ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. शुभदाबाईंनी मराठीत उत्तर दिलं, "माझ्या घरी असेच तुकडे करतात." तिने मान हलवली.

शेंगा संपल्या. पा आत गेली आणि एक मोठं पपनस घेऊन आली. जाड साल सुरीने काढली, पांढरा पडदा हलक्या हाताने सोलला आणि गुलाबी फोड शुभदाबाईंच्या समोर धरली.

शुभदाबाईंचा हात सवयीने मागे गेला. "नको, नको," त्या म्हणाल्या. तिने हात मागे घेतला नाही. शुभदाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. असतं तरी त्यांना ओळखणारं कोण होतं? त्यांनी फोड घेतली.

ती खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने विचारल्यासारखं पाहिलं, तेव्हा शुभदाबाई बोलू लागल्या. कौसल्या नावाच्या बाईचं त्यांनी सगळं सांगितलं. तीन दिवसांची रांग, तांब्या, समोरचं दुकान. "घडीभर बसू दिलं असतं तर काय झालं असतं हो," त्या म्हणाल्या. 'पा'ला एक शब्दही कळला नसावा. तिने पपनसाच्या उरलेल्या फोडी बशीत लावल्या आणि बशी शुभदाबाईंच्या मांडीवर ठेवली.

बशी घेऊन त्या वर आल्या तेव्हा नंदकिशोर उशीला टेकून बसले होते.

"कुठून आणलं?"

"खालच्या बाईने दिलं."

"पैसे दिले?"

"नाही."

"मग देऊन ये. नाहीतर परत कर."

शुभदाबाईंनी बशी टेबलावर ठेवली आणि पलंगाच्या कडेला बसल्या. "मी नाही परत करणार," त्या म्हणाल्या. "ती कापूस विकत नाही. तुम्हीही आता ग्रेडर नाहीत."

नंदकिशोरांनी बशीकडे पाहिलं. बाहेर नारळाच्या झावळ्या वाऱ्याने घासत होत्या.

"मले वाटायचं, तुले हे पटलेलं आहे," शेवटी ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं का?"

"नाही."

"मला मैत्रीण नाही. एकही नाही. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

"माझंही कोणी नाही, शुभदा," नंदकिशोर म्हणाले. "केंद्रावर हमालसुद्धा माझ्याजवळ बसून डबा खायचे नाहीत. मी समजायचो, हे कामाचंच आहे. घरापर्यंत आलं ते मले दिसलं नाही."

ते माफी मागणारे गृहस्थ नव्हते आणि त्यांनी मागितलीही नाही. शुभदाबाई एकट्याच बसून फोडी खात राहिल्या. संध्याकाळी मुलं परत आली, भैरवी धबधब्यातले मासे बोटांवर मोजून दाखवू लागली, आणि खोलीत काय झालं हे कोणाला कळलं नाही. निघायच्या दिवशी शुभदाबाईंनी सोबत आणलेली शेंगदाण्याची चटणी 'पा'ला दिली. तिने डबी उघडून वास घेतला, बोटाने चाखली, आणि तिखटाने डोळे मिटून हसली.

पुढच्या संक्रांतीला शुभदाबाईंनी स्वतः हळदीकुंकू ठेवलं. अकरा घरी सांगून आल्या. तीन बाया आल्या. लाडूंचं ताट जवळजवळ भरलेलंच राहिलं. दोघी कुंकू लावून लगेच उठल्या. तिसऱ्या विमलताई, मागच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका, तेवढ्या बसल्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही तिकडे परदेशात गेलत्या म्हणे. कसं आहे?" शुभदाबाई तासभर बोलत होत्या. नंदकिशोर आतल्या खोलीत होते. त्यांनी पंखासुद्धा लावला नाही, आवाज नको म्हणून.

निघताना विमलताई म्हणाल्या, "दर गुरुवारी मी एकटीच असते. येत जा." तेव्हापासून शुभदाबाई गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागल्या. चहा घेऊ लागल्या. बाकीची घरं होती तशीच राहिली. काही दारं इतका काळ बंद होती की ती उघडायची राहूनच गेली. कौसल्याचा पत्ता त्यांना कधीच लागला नाही. घाटंजीला जाऊन विचारावं असं दोन-तीनदा मनात आलं, पण नुसत्या नावावर कोणाला विचारणार?

एका गुरुवारी त्या परतल्या तेव्हा नंदकिशोर फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. असे ते कधी बसत नसत. रस्त्याने माणसं जात होती. कोणी थांबत नव्हतं, आणि नंदकिशोरांनाही कोणाला हाक मारता येत नव्हती. दोन तासांपासून ते तसेच बसले असावेत.

"चहा ठेवू का?" शुभदाबाईंनी विचारलं.

"ठेव," ते म्हणाले. मग जरा थांबून, "विमलताई काय म्हणत होत्या?"

चहा तसाच राहिला. शुभदाबाईंनी आतून दुसरी खुर्ची आणली, त्यांच्या शेजारी टेकल्या आणि सांगू लागल्या.