अकरा कामांची चिठ्ठी

मुलगी शिकायला लातूरला राहिली, तेव्हापासून अहमदपूरहून सकाळच्या एस.टी.ने तिचा डबा जायला लागला. इकडे मी कंडक्टरच्या हाती द्यायचा, तिकडे तिने स्टँडवर घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीत रिकामा परत पाठवायचा. आमच्याकडची निम्मी लेकरं अशीच शिकतात. माझ्या लेकीला मात्र डब्यापलीकडे काही जमेना.

वह्या हरवायच्या, क्लासची वेळ चुकायची. छत्री तिच्याकडे पाहुण्यासारखी दोन दिवस राहायची. आणि मी कोण, तर शाळेतली बाई! पालकसभेत ‘मुलांना नियोजन शिकवा’ असं तासभर बोलणारी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मग मी डब्यात रोज चिठ्ठी ठेवायला लागले. सुवाच्य अक्षरात, आकडे टाकून, अकरा कामं. वर दिवसातून पाच फोन. तरी काही फरक पडेना, तसं माझं डोकं फिरायचं. एकदा म्हणाले, "तुझ्या डोक्यात भुसा भरलाय." ते वाक्य मला आजही टोचतं.

बारावीच्या वर्षी एका संध्याकाळी कंडक्टरने डबा दिला, तो जड लागला.

"बाई, घ्यायला कुणी आलंच न्हाई बघा."

तिचा फोन बंद. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला चारच दिवस उरलेले. तो चुकला की वर्ष गेलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी लातूर गाठलं.

खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. पण पलंगाशेजारच्या भिंतीवर माझ्या सगळ्या चिठ्ठ्या ओळीने चिकटवलेल्या होत्या, तारखेप्रमाणे. मी भडकलेच.

"एवढ्या जपून ठेवल्यास, आन् काम एकबी न्हाई?"

ती रडायला लागली. "आई, मी रोज वाचते गं. अकरा कामं दिसली की कुठून सुरू करावं तेच कळत न्हाई. लई भ्या वाटतं, मग नुसती बसून राहते. काल पण तशीच बसले, आन् डब्याची गाडी निघून गेली."

मी तिला आळशी समजत होते. परक्या लेकरांकडून एकेक अक्षर गिरवून घेणारी मी, पोटच्या पोरीपुढे अख्खी बाराखडी टाकून मोकळी झाले होते. मला माझीच लाज वाटली.

"आता एकच सांग. आधी काय?"

ती भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवरून नजर फिरवत राहिली. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, ते कसंबसं गिळलं.

"फॉर्म," ती म्हणाली.

"मग यापुढं चिठ्ठी तूच लिही. एका वेळी एकच काम. मी फोन करणार न्हाई."

बोलून बसले खरी, पण फॉर्मच्या शेवटच्या दिवशी वर्गात माझं चित्त नव्हतं. पर्समधून फोन तीनदा काढला, तीनदा ठेवला. आपणच जाऊन भरून टाकावा, असंही मनात येऊन गेलं. वर्ष बुडालं तर दोष माझाच होता.

संध्याकाळी स्टँडवर डबा हातात आला. हलका होता. घरापर्यंत धीर निघेना, तिथेच बाकावर उघडला. आत वरण वाळून चिकटलेलं, आणि त्यावर पिवळा डाग पडलेली तिच्या अक्षरातली चिठ्ठी:

"फॉर्म भरला. डबा धुवायचा राहिला."