गाऊटची गोळी मागवताना आलेला फोन

मंडळी, गेल्या आठवड्यात लासुर्ण्यातून सासऱ्यांची, म्हणजे आबांची, गाऊटची (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीची) गोळी ऑनलाइन मागवली. चिठ्ठीचा फोटो टाकला आणि औषधवाल्या ताईंचा फोन आला. "ते आणखी कुठली गोळी घेतात का?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात सासूबाई बोलल्या, "घेत्यात की! पायाचा अंगठा ठणकला की दुकानातनं दुखायची गोळी आणून खात्यात."

आबा ओशाळले. "तुमाला कशाला तरास, म्हणून बोललो न्हाय."

ताईंनी आधी डॉक्टरांना विचारायला सांगितलं. अशा गोळ्यांनी किडनीला त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी दुकानातली गोळी बंद करून किडनीची तपासणी करायला लावली. किडनीवर थोडा परिणाम झालेला निघाला, पण वेळेत कळलं, सुधारेल म्हणाले. गाऊटच्या गोळीचा डोसही त्यांनीच ठरवून दिला.

आत्ता आबा विचारतायत, "सूनबाई, सर्दीची गोळी घेतली तर चालंल का?"

तुमच्या घरी कोण गुपचूप गोळ्या घेतं? आज विचारून बघा.