सरकारी रानातलं ध्यान

चाकणच्या अलीकडं, कंपन्यांच्या पत्र्यांमागं जी टेकडी दिसते, तिला सरकारी कागदावर नुसता गट नंबर आहे. गावाच्या तोंडी ती 'सरकारी रान'. अलीकडं तिथं फिरायला येणाऱ्या सोसायटीवाल्यांनी तिचं नाव 'निसर्ग टेकडी' ठेवलं. पण या टेकडीवर जन्मभर, ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, एकही सकाळ न चुकवता कोण गेलं असेल तर नानासाहेब. कशासाठी जायचे, ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. बाहेरच्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी विचारलं. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

हे रान आधी गावाचं गायरान होतं. मग सरकारनं दगड रोवून ते राखीव केलं, म्हणजे दिवसा चरणारी गुरं रात्री चरायला लागली. बहात्तरच्या दुष्काळात त्याच गावाला मजुरी देऊन सरकारनं टेकडीच्या अंगावर आडवे चर खणून घेतले. नानासाहेबांना तेव्हा मिसरूड फुटत होतं. चर पाणी अडवण्यासाठी होते. पाणी आलं नाही, पण नानासाहेबांचा चर दुसऱ्याच दिवशी कामाला आला. कमरेएवढा खोल, पुढं करवंदीची जाळी, तोंड उगवतीला. माणसाला आणखी काय पाहिजे? पुढं सरकारनं सुबाभूळ लावली, ती शेळ्यांनी खाल्ली. मग गिरिपुष्प लावलं. त्याला शेळ्यांनी तोंड लावलं नाही, तेव्हा वनीकरण यशस्वी झाल्याचं वर कळवण्यात आलं.

मग कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, आणि गावात घरोघरी संडास झाले. नानासाहेबांचा मुलगा कुलदीप कंपन्यांना टेम्पो पुरवतो. त्यानं तीन मजली घर बांधलं. सूनबाई मोनिकानं सासऱ्यांच्या खोलीला लागून चकचकीत फरशीचा, कमोडचा संडास काढला. नानासाहेब त्यावर बसून आले आणि बायकोला, सुभद्राबाईंना, म्हणाले की पाहुण्याच्या घरी खुर्चीवर बसल्यासारखं वाटतं. आता चहा येईल, मग येईल, अशी वाट बघत बसतो, बाकी काही होत नाही. तसे ते सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेले गृहस्थ. पण सकाळचं रान चुकलं, तर दुपारपर्यंत अख्ख्या गावाशी भांडण काढायचे. मोनिकानं बिचारीनं हात टेकले. पहाटे पाण्याची बाटली घेऊन सासरे निघाले की ती दाराची कडी काढून द्यायची.

अशातच पिंपळे सौदागरकडच्या एका सोसायटीची माणसं गाड्या काढून टेकडीवर फिरायला यायला लागली. त्यांची म्होरकी वर्षाली, आयटीत मोठ्या हुद्द्यावर, मनानं सोन्यासारखी. एका पहाटे तिला करवंदीच्या जाळीमागं एक पांढरं मुंडासं दिसलं. खालचा माणूस चरात. डोळे मिटलेले, तोंड सूर्याकडं, चेहरा एकाग्र. तिनं सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून मागं वळवलं. बाबा ध्यानाला बसलेत, म्हणाली.

उतरताना नानासाहेब भेटले तेव्हा त्यांच्या हातातली बाटली रिकामी होती. वर्षालीनं ओळखलं की रोज झाडांना पाणी घालायला येतात. तिनं हात जोडून विचारलं, या वयातही तुम्ही रोज वर कसे येता? नानासाहेब खोटं बोलणारा माणूस नव्हे.

"काय करता ताई," ते म्हणाले, "हितं आल्याबिगर मोकळंच वाटत न्हाई."

वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पंधरवड्यात टेकडीच्या पायथ्याला हिरवी पाटी लागली: 'इथं आलं की माणूस मोकळा होतो – नानासाहेब.' गाव ती पाटी वाचायला मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायला लागलं. वर कहर असा, की नानासाहेबांचा आदर्श घेऊन सोसायटीनं 'एक बाटली, एक झाड' अशी मोहीम काढली. दर रविवारी उजाडायच्या आत चांगल्या घरची बायामाणसं हातात एकेक बाटली घेऊन, रांगेनं, गंभीर चेहऱ्यानं टेकडी चढायची. चहाच्या टपरीवर बबनराव म्हणाला, आमचे संडास ह्यांनी बांधायला लावले आणि स्वतः रानात निघाले.

नानासाहेबांना मात्र हसू येईना. रविवार बुडायला लागला होता. आणि एक दिवस वर्षाली घरीच आली, पेढे घेऊन. त्यांच्या चराच्या जागी 'नानासाहेब ध्यानकट्टा' बांधायचा ठरला होता. फरशी, दिवा, बाकडी. रोज पहाटे तिथं सामुदायिक ध्यान, आणि नानासाहेब मधोमध. वनखात्याचे साहेबही येणार होते, सत्काराला.

ती गेल्यावर घरात कुणी पेढ्याला हात लावला नाही. नानासाहेब म्हणाले की मी त्या बाईला काय ते स्पष्ट सांगून टाकतो.

"नाना, पाया पडतो," कुलदीप म्हणाला. "त्यांच्यातले निम्मे लोक कंपन्यांत साहेब हायेत. उद्या मला गेटवर कोण उभं करंल?"

"मग मी कुठं जाऊ?" नानासाहेबांनी विचारलं. कमोडकडं बोट दाखवायची कुलदीपची छाती झाली नाही.

सत्काराच्या दिवशी टेकडीवर, चरापाशीच, शाल अंगावर घेऊन नानासाहेब बोलायला उभे राहिले. कुलदीप घामानं भिजला. पुढं बाटलीवाले, मागं सगळं गाव, हसू दाबून. नानासाहेबांनी एकदा चराकडं बघितलं आणि म्हणाले की कट्टा जरूर बांधा, पण हितं नको, खाली पाटीपाशी बांधा. म्हंजी म्हाताऱ्यांना चढ लागायचा न्हाई. ही वरची उगवतीची बाजू पाखरांची हाय. चर, जाळी, हाय तशी राहू द्या. पहाटे तर हिकडं कुणी फिरकूच नका. मी एकटा येऊन राखण करीन.

टाळ्यांचा कडकडाट झाला. वनखात्याच्या साहेबांनी जागच्या जागी तार ओढायचा हुकूम दिला: पक्ष्यांसाठी राखीव, प्रवेश बंद, फाटकाची चावी नानासाहेबांकडं. कुलदीपनं रुमालानं तोंड पुसलं. सगळं सुरळीत पार पडलं असतं, पण वर्षालीला पाखरांची हौस. तिनं पुढं येऊन विचारलं, "नाना, नेमके कोणते पक्षी येतात हो पहाटे?"

मागच्या गावानं माना उंचावल्या.

"नाव काय आमाला ठावं न्हाई, ताई," नानासाहेब शांतपणानं म्हणाले. "पण लई लाजाळू जात. कुणी बघतंय असं वाटलं की बसतच न्हाईत."

वर्षालीनं ते मनापासून टिपून घेतलं. सुभद्राबाईंनी तोंडात पदर कोंबला.