सुनेला कारणे दाखवा नोटीस

एस.टी.तून निवृत्त झालेली माणसं पारावर बसतात. रोहिणखेडचे कंडक्टर माणिकराव हिवराळे वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसले.

याच्या मुळाशी एक शेळीचं पिल्लू होतं. वीस वर्षांपूर्वी माणिकरावांच्या गाडीत एक म्हातारी ते मांडीवर घेऊन बसली, तपासणीवाल्यांनी ते विनातिकीट पकडलं आणि माणिकरावांच्या हातात चार्जशीट आली. चौकशीत त्यांनी आपला खटला आपणच चालवला. ‘‘साहेब, मांडीवरच्या लेकराले तिकीट नाही, असं नियमात हाय. लेकरू कोनाचं पायजे, हे नियमात नाही.’’ साहेब पोट धरून हसले. माणिकराव निर्दोष सुटले आणि आठ दिवसांनी त्यांची लांबच्या डेपोत बदली झाली. निर्दोष माणसाची बदली होतेच कशी, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसला तो उठलाच नाही. वकील व्हायचं आणि काळा कोट घालून याचं उत्तर शोधायचं, एवढी एकच हौस त्यांना उरली होती.

बी.ए. त्यांनी नोकरीत असतानाच बाहेरून केलं होतं. या परीक्षेला वयाची अट नसते, हे त्यांना सुनेनं सांगितलं. काजल बी.कॉम. झालेली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. तिनं सासऱ्यांचा फॉर्म भरला आणि त्याच खुर्चीत बसून आपलाही भरून टाकला.

तिथून घराला कोर्टाची कळा आली. कॉलेज बुलढाण्याला, रोजची हजेरी सक्तीची. काजलचा नवरा रवी मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, माणिकरावांची बायको सिंधूताई अंगणवाडीत. मग दुकानात कोण बसणार? माणिकरावांनी लेखी करारच केला. ज्याला जास्त गुण, तो कॉलेजात जाईल. दुसऱ्यानं दुकान सांभाळायचं. साक्षीदार म्हणून सिंधूताईंनी सही केली आणि कपाळाला हात लावला.

अभ्यास दोघांनीही केला, पण कुरापतीच जास्त केल्या. माणिकरावांनी गाइड ज्वारीच्या कोठीत लपवलं. काजलनं त्यांची सराव परीक्षा ऐन रंगात असताना वायफायचा पासवर्ड बदलला. माणिकरावांचा एकच मंत्र, तोही सगळ्या गल्लीला पाठ: ‘‘चुकलं तं गुन कापत नाहीत! एकबी प्रश्न मोकळा सोडायचा नाही. सीट रिकामी नेनं हा कंडक्टरचा गुन्हा हाय!’’

कायद्याच्या प्रश्नांत मात्र काजल पुढे. तिथे नियम दिलेला असतो, घटना दिलेली असते आणि त्या नियमानंच निकाल लावायचा असतो. एकाचा बैल दुसऱ्याच्या शेतात शिरला असं वाचलं, की माणिकराव विचारणार, ‘‘पन कुंपन कोनी मोडलं होतं?’’ कुंपणाचा कागदात पत्ताच नसायचा. त्यांचे गुण जायचे तिथेच.

तरी त्यांचा आत्मविश्वास दांडगा. परीक्षेच्या आधीच त्यांनी मलकापूरच्या खुर्शीदभाईंकडून काळा कोट शिवून आणला आणि पेटीत घोंगडीखाली दडवला. घरात कोणाला खबर नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

परीक्षा झाली. उत्तरपत्रिका संकेतस्थळावर आल्या. दोघांनी आपापले गुण मोजले. सीट मिळण्याइतके दोघांनाही होते, पण माणिकराव आठ गुणांनी पुढे! त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. काजलनं दोन खाल्ले, तेही हसतहसत. हरलेली माणसं इतकी हसत नाहीत, हे त्या आनंदात त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आठावर समाधान मानतील तर ते माणिकराव कसले? एका उत्तरावर हरकत घ्यायची आणि नववा गुण पदरात पाडायचा, म्हणून काजल जेवायला गेल्यावर ते संगणकापुढे बसले. उत्तरपत्रिका आपोआप उघडली. कायद्याच्या भागात ‘उत्तर दिलेले नाही’, ‘उत्तर दिलेले नाही’, असं अकरा वेळा. ते चरकले. मग त्यांनी वरचं नाव वाचलं. काजल रवी हिवराळे.

म्हणजे पोरीनं तिच्या हातखंड्याचे अकरा प्रश्न मुद्दाम सोडले होते. नाहीतर ती तीन गुणांनी जिंकली असती.

माणिकरावांनी संगणक बंद केला. कोणी पाहिलं नव्हतं. करार खिशात होता, कोट पेटीत होता. त्यांना मोह झाला आणि चांगला रात्रभर टिकला.

सकाळी काजलला दुकानाच्या टेबलावर कागद दिसला. ‘अकरा सीटा रिकाम्या का नेल्या? चोवीस तासांत लेखी खुलासा सादर करावा.’

खुलासा दहा मिनिटांत आला. ‘१. ज्याला जास्त गुण तो जाईल, एवढंच करारात आहे. सगळे प्रश्न सोडवावेत असं कुठेही नाही. २. कोट पाहिला. छान शिवलाय. ३. चौकशी अधिकाऱ्यांनी माझी उत्तरपत्रिका विनापरवाना उघडली, त्याचा खुलासा त्यांनी आधी द्यावा.’

माणिकरावांनी तो तीनदा वाचला. कुठे फट सापडेना. शेवटी नोटीसबिटीस विसरून ते म्हणाले, ‘‘काऊन सोडले वं पोरी?’’

‘‘तुमी वीस वर्सं वाट पाह्यली, मामाजी. मी जाईन ना पुढच्या साली.’’

माणिकरावांनी खुलाशाची नीट घडी केली. मग ते पुन्हा नियमावर आले. ‘‘जबाबात खोट नाही. तू निर्दोष. आता निर्दोष मानसाचं एस.टी.त काय करतात?’’

‘‘बदली,’’ काजल हळूच म्हणाली.

‘‘तं तुही बदली बुलढान्याले. लॉ कॉलेजात. उद्याच फॉर्म भर.’’

‘‘आन तुमचा कोट?’’

‘‘त्याले हात लावजो नको! पुढच्या साली मले लागन.’’

कॉलेजच्या पहिल्या दिवशी माणिकराव दुकानाला कुलूप लावून तिला सोडायला फाट्यावर गेले. बुलढाण्याची गाडी आली. ते स्वतः आत चढले, खिडकीजवळची सीट रुमालानं पुसली, तिला बसवलं. खाली उतरता उतरता त्यांचा हात सवयीनं वर गेला आणि घंटीची दोरी दोनदा ओढली गेली. टिंग टिंग! गाडी हलली.

‘‘ओ काका!’’ पोरसवदा कंडक्टर खेकसला. ‘‘डबल बेल देनं माह्यं काम हाय. तक्रार करू का तुमची?’’

‘‘कर ना बे,’’ माणिकराव रस्त्यावरून ओरडले. ‘‘माही वकील गाडीतच बसली हाय!’’